मच्छिंद्रची खरी कंबर

मी टेलर आहे, आणि एकतीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला त्याची खरी कंबर सांगितलेली नाही. हे पाप असेल तर असो. आळेफाट्यावरच्या माझ्या दुकानात माणूस येतो, हात जरा बाजूला करून उभा राहतो, मी टेप लावतो आणि मोठ्यानं म्हणतो, "चौतीस!" वहीत मात्र छत्तीस लिहितो आणि छत्तीसनंच कापतो. पँट झकास बसते, माणूस खूश होतो आणि चार जणांना सांगतो की सावळेराम टेलरच्या हाताला तोड नाही. खरं सांगत बसलो असतो तर ही माणसं केव्हाच रेडिमेडवाल्याकडं गेली असती. तिथली लेबलंसुद्धा खोटीच असतात, फक्त ती चहा विचारत नाहीत.

माझ्या या गोड बोलण्याचा कुणाला कधी त्रास झाला नव्हता. मग मच्छिंद्रला शुगर निघाली.

मच्छिंद्र माझा शाळेपासूनचा दोस्त. आम्ही दोघंही पिंपरी पेंढारचे. त्याचा बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. सहा-सात महिने नुसतं चालणं, त्यामुळं म्हाताऱ्याच्या अंगावर मांस म्हणून नव्हतं. मच्छिंद्रनं मेंढरं विकली, टोमॅटो आणि कांदा धरला, आणि तिथून त्याचं चालणं संपलं. बांधापर्यंत मोटारसायकल, बांधावर प्लास्टिकची खुर्ची.

श्रावणात डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "शुगर काठावर आहे. तीन महिने देतो. रोज चाला, खाणं आवरा आणि पोटाचा घेर चार-पाच सेंटिमीटरनं उतरवा. घेर मोजत राहा, म्हणजे चरबी जातेय का नाही ते कळेल. दिवाळीनंतर बघू. नाहीच जमलं तर गोळी सुरू करू."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गोळी तर गोळी. पण मच्छिंद्रच्या थोरल्या भावाचं, भागूचं दुखणं एका गोळीनंच सुरू झालं होतं. एकाच्या दोन झाल्या, मग सुई आली, आणि गेल्या साली पायाचा अंगठा काढावा लागला. गोळीनं अंगठा गेला नव्हता, भागूनं कसलंच पथ्य पाळलं नाही म्हणून गेला, हे मी मच्छिंद्रला समजावून पाहिलं. पण तो फार घाबरला होता.

"सावळ्या, मला गोळी नको," दुकानात येऊन तो म्हणाला. "डॉक्टर म्हनला, घेर मोजत ऱ्हा. म्हनलं, आपला मानूस फाट्यावर बसलाय की. लाव टेप."

मी लावला, जिथं पँट बसते तिथं. मच्छिंद्रची पँट पोटाच्या खाली बसते आणि पोट पँटीवर बसतं. टेपवर अडतीस आले, आणि सवयीनं माझ्या तोंडातून गेलं, "छत्तीस!"

"मंग फार न्हाई," तो म्हणाला.

पहिले पंधरा दिवस तो खरंच चालला. आमच्याकडं पहाटे चालणं सोपं नाही. उसात बिबटे असतात. एकटा माणूस हातात काठी घेतो, खिशातल्या मोबाइलवर मोठ्यानं भजन लावतो आणि मगच निघतो. पंधरा दिवसांनी मच्छिंद्र माझ्यासमोर येऊन उभा राहिला, घामेजलेला, डोळ्यांत एवढी आशा. टेपवर अडतीसच होते. मी म्हणालो, "साडेपस्तीस." त्याचा चेहरा असा फुलला की मला माझंच कौतुक वाटलं. त्या आनंदात आम्ही समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली, वर दोन-दोन पाव जास्त.

पुढच्या खेपेला पस्तीस, त्याच्या पुढच्या खेपेला साडेचौतीस. दर अर्ध्या इंचाला एक मिसळ. साडेचौतीसच्या मिसळीवर लिंबू पिळता पिळता तो म्हणाला, "चालनं बंद केलं मी. आपोआप उतारतंय तर कशाला बिबट्याच्या तोंडी जायाचं?"

त्याच क्षणी बोलायला हवं होतं, पण मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. एकदाच खोटं बोललो असतो तर कबूलही केलं असतं. चार-चार वेळचं खोटं एकदम बाहेर काढायला जीभ उचलेना.

माझी सून वैजयंती गावात आशाताई आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा घेर मोजून फॉर्म भरायचं काम तिच्याकडं आलं. बायकांचं तिनं आठवड्यात उरकलं. पुरुष मात्र शर्ट वर करायला तयार होईनात. गावच्या सुनेपुढं पोट कसं उघडं टाकायचं? शेवटी ती मला म्हणाली, "मामा, रविवारी शाळेत चला. टेप तुम्ही धरा. मी पाठमोरी बसून लिहिते."

आदल्या संध्याकाळी तिनं माझ्या मुलाला, आदेशला, ओसरीवर उभं केलं आणि मला मोजायला शिकवायला लागली. मला!

"आधी शेवटची बरगडी चाचपा, मामा. मग खुब्याच्या हाडाची वरची कड. दोन्हीच्या बरोबर मधे टेप यायला पाहिजे. उघड्या अंगावर, कपड्यावरून नाही. मागं-पुढं एका पातळीत. माणसानं श्वास सोडला की वाचायचं. टेप आवळायचा नाही आणि आत बोटंही घालायची नाहीत."

"बोटं नाही घालायची? मग माणूस खाली बसणार कसा?"

"मामा, पँट शिवायची नाहीये."

आदेश फिसकन हसला. माझं डोकं फिरलं. ही पोर जन्मली नव्हती तेव्हापासून माझ्या गळ्यात टेप आहे. पण मोजून बघितलं तर ज्या आदेशची पँट मी बत्तीसची शिवतो, त्याचा घेर छत्तीस भरला. म्हणजे वहीतले माझे खरे आकडेसुद्धा पोटाचे नव्हतेच. एकतीस वर्षं मी पोट सोडून त्याच्या खालचं मोजत होतो. मग मच्छिंद्रचं काय असेल?

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात वीसेक जणांची रांग लागली. वैजयंती भिंतीकडं तोंड करून फॉर्म घेऊन बसली. मी आकडा सांगत होतो, ती लिहीत होती. मच्छिंद्र रांगेत चौथा होता आणि त्याचा आवाज पहिल्यापासून सगळ्यांच्या वर होता. "माझी साडेचौतीस! दीड म्हैन्यात दीड इंच उतारवली!" पाळी आल्यावर त्यानं स्वतःच शर्ट वर केला आणि कमरेचा चांदीचा करदोडा बोटानं उचलून सगळ्यांना दाखवला.

"ह्यो बघा. लग्नात सासऱ्यानं घातलेला. चांदीचा हाय, दोऱ्यावानी ताणत न्हाई. अठ्ठावीस वर्सं झाली, घट्ट झाला का? मी जाड झालो असतो तर ह्यो तुटला असता की न्हाई?"

लोकांनी माना डोलावल्या. करदोडा खरोखरच सैल होता. पोट जसं पुढं आलं तसा तो बिचारा खाली सरकत सरकत पोटाच्या सावलीत जाऊन बसला होता, माझ्या टेपसारखाच.

"बोल सावळ्या, साडेचौतीस!"

मी बरगडी चाचपली, खुब्याचं हाड शोधलं, ते सापडायला जरा वेळ लागला. मधोमध टेप धरला. "श्वास सोड," म्हणालो. त्यानं सोडला, आणि मी वाचलं.

वैजयंतीची पाठ माझ्याकडं होती. फॉर्मवर सेंटिमीटर लिहायचे होते; मी साडेचौतीस इंचांचे अठ्ठ्याऐंशी म्हणालो असतो तर तिनं अठ्ठ्याऐंशी लिहिलं असतं. गावापुढं मच्छिंद्रची मान ताठ राहिली असती आणि माझीही. आणि दिवाळीनंतर तो हेच पोट घेऊन, मिसळ खाऊन, डॉक्टरपुढं हसत उभा राहिला असता. मला भागूचा पट्टी बांधलेला पाय आठवला.

"एकशे सहा," मी म्हणालो.

"म्हंजी किती इंच?"

"पावणेबेचाळीस."

सगळी रांग खो खो हसली. मच्छिंद्रनं शर्ट खाली ओढला. "टेप बिघाडलाय तुझा."

"टेप चांगला आहे," मी म्हणालो आणि त्याला हाताला धरून मैदानात लिंबाखाली नेलं. तिथं सगळं सांगितलं. सगळ्यांनाच दोन इंच कमी सांगतो, हेही सांगितलं.

"म्हंजी ती छत्तीस?"

"अडतीस होती. तीही पोटाखालची."

"आन साडेपस्तीस?"

"अडतीस."

"पस्तीस?"

"अडतीसच."

साडेचौतीसचं त्यानं विचारलं नाही. "मी त्या आनंदात मिसळी खाल्ल्या की रं," तो म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "भागूदादाचा अंगठा काढला तवा तू माझ्यासंगं दवाखान्यात बसला व्हतास. समदं तुला ठावं व्हतं. आन मला आकडं वाटत बसलास, परसादावानी!"

तो मोटारसायकल तिथंच सोडून पायी घरी गेला. रांगेतल्या बाकीच्यांची मापं मी घेतली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

गावभर झालं. काहीजण दुकानात येऊन, "आमची खरी किती ती सांग," म्हणून अडून बसले. काहीजण हळूच म्हणाले, "राव, आमाला आपलं जुनंच सांगत जा." मच्छिंद्र मात्र फिरकला नाही. रस्त्यात दिसला तर तोंड फिरवायचा. मी दोनदा त्याच्या घरी गेलो, दोन्ही वेळा तो मळ्यात गेलेला होता.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी पहाटे मला जाग आली ती भजनानं. आमच्या घरावरून मोबाइलवरचं भजन पुढं गेलं, अर्ध्या तासानं परत आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी अंथरुणात पडून त्याची वाट बघायला लागलो. ऐकू आलं की उठायचो आणि मगच चहा टाकायला सांगायचो. एकदा पाऊस झाला त्या दिवशी उशीर झाला, तेव्हा मी छत्री घेऊन दारात जाऊन उभा राहिलो होतो. भाऊबीजेच्या सकाळीसुद्धा ते भजन चुकलं नाही. माझ्याशी तो बोलत नव्हता, तरी मला बरं वाटत होतं.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. भजन आलं आणि आमच्या दारातच थांबलं. मी दार उघडलं तर मच्छिंद्र काठी भिंतीला टेकवत होता. गाल जरा बसले होते.

"पान्याशिवाय तोंडात काय घातलं न्हाई," तो म्हणाला. "वैजयंती म्हनली व्हती, सकाळी उपाशीपोटी मोजायचं. आज डॉक्टरकडं जायाचंय. लाव टेप."

"वैजयंतीला हाक मारू?"

"तूच लाव. सगळ्या गावाम्होरं एकशे सहा म्हननारा दुसरा मानूस कुटं शोधू मी?"

मी बरगडी चाचपली. या खेपेला खुब्याचं हाड लगेच लागलं. टेप धरला, त्यानं श्वास सोडला. मी आकडा बघितला आणि टेप सोडला. पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा.

"आरं बोल की!"

"एकशे दोन."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "खरं सांग. टेलर म्हनून बोलतोयस का दोस्त म्हनून?"

माझाच माझ्यावर भरवसा नव्हता. त्याचं चांगलं व्हावं म्हणून माझ्या अंगठ्यानं टेप आवळला नसेल कशावरून? मी आत जाऊन वैजयंतीला बोलावलं आणि काही न सांगता टेप तिच्या हातात दिला. मच्छिंद्रनं तिच्यापुढंही शर्ट वर केला, बिनदिक्कत. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, जागा शोधली, टेप गुंडाळला.

"श्वास सोडा, काका."

त्यानं सोडला. मी माझा धरून ठेवला होता.

"एकशे दोन," ती म्हणाली.

मच्छिंद्र मटकन पायरीवर बसला आणि हसायला लागला. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. एकतीस वर्षं मी माणसांना फुकटचे इंच वाटले होते, पण इतका आनंद एकाच्याही तोंडावर पाहिला नव्हता, आणि मलाही झाला नव्हता.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "गोळी न्हाई! शुगर उतारलीया. तीन म्हैन्यांनी परत बोलावलंय, असंच चालत ऱ्हावा म्हनला. उद्या पाचला तयार ऱ्हा. दोगं असलो म्हंजी भजन लावाया नको."

"येतो," मी म्हणालो.

"आन तुझी किती रं? कधी मोजलीस का?"

"चौतीस," मी म्हणालो.

मच्छिंद्र इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. त्यानं हसतच फोन ठेवला.

वैजयंतीच्या फॉर्मवरही मी माझी चौतीसच सांगितली होती, आणि सासऱ्याला खोटं कसं पाडायचं म्हणून तिनं ती लिहून घेतली होती. मी खुंटीवरचा टेप काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन शर्ट वर केला. तिनं बरगडी चाचपली, हाड शोधलं, मला श्वास सोडायला लावला.

"एकशे तीन, मामा," ती म्हणाली.

मच्छिंद्रपेक्षा एक जास्त. मी फोन उचलला, त्याला परत लावला आणि आकडा सांगितला.