जनाना फेरी

१९६३च्या जून महिन्यात रशियाची एक बाई अवकाशात जाऊन आली आणि त्यामुळे औरंगाबादच्या आमच्या मुलींच्या शाळेत मला एक चौकशी करावी लागली. मी तेव्हा शाळेचं वाचनालय सांभाळत होतो. माणसांशी बोलायचं काम मला कधीच जमलं नाही. हे लिहायलाही दुसरं कोणी मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण चूक माझी होती, तेव्हा मीच लिहितो.

नववीच्या वर्गात ती बातमी वाचून दाखवली तेव्हा नजमा नावाची मुलगी उभी राहून म्हणाली, "माझी दादी पण विमानात बसली होती. फार वर्षांपूर्वी. इथंच, छावणीच्या मैदानावर." वर्ग हसला. मुख्याध्यापिका वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ठरवलं, गोष्ट खरी असेल तर पंधरा ऑगस्टला म्हातारीचा सत्कार करायचा. खोटी असेल तर मुलीला समज द्यायची.

"तुम्ही एवढी विमानांची पुस्तकं वाचता," त्या मला म्हणाल्या, "तुम्हीच जाऊन विचारा."

पहिल्या वैमानिकांच्या हकिगती मी खरंच खूप वाचल्या होत्या. त्यांच्या आधारानं मी अकरा प्रश्न काढले. १९३४ साली गोऱ्या वैमानिकांची एक टोळी गावोगाव हिंडत होती, लोकांना वर नेऊन फेरी मारून आणत होती, आपल्या शहरातही येऊन गेली होती, हे मी ऐकून होतो. पण त्या काळात बुढी लेन मोहल्ल्यातली बुरख्यातली बाई, तीही टांगेवाल्याची बायको, विमानात? खरं सांगायचं तर घरातून निघतानाच माझ्यापुरता निकाल लागलेला होता.

नजमाचे वडील इलियास सायकली दुरुस्त करायचे. त्यांनी मला दारातल्या खुर्चीवर बसवलं. "पूछो मास्तरसाब. अम्मी अंदर है." आतल्या दाराला जाड पडदा होता. पडद्यामागून नजमाची दादी, जैतुनबी, बोलत होत्या आणि मी पडद्याला प्रश्न विचारत होतो.

"किती वाजता उडालात?"

"घड्याळ कुठं होतं आमच्यात? असरची नमाज झाली होती, दुपार कलली होती."

"विमानाचा रंग?"

"लाल असंल. धड पाहिलाच नाय. जिन्यापाशी चपला काढून ठेवल्या, तेवढं ध्यानात हाय. गोरा हसला."

मी वहीत लिहिलं, 'संशयास्पद.'

"वरून बीबीचा मकबरा कसा दिसला?"

"नाय दिसला."

"बरं, दौलताबादचा किल्ला? खाम नदी?"

"कायबी नाय दिसलं, बेटा."

"मग वर गेल्यावर केलंत काय?"

"दोन्ही हातांनी खुर्ची धरली. कान बंद झाले. कलमा पढला. पोटात गोळा आला आन उतरले."

पडद्यामागं कोणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, माझी टिंगल चालली आहे. उरलेले प्रश्न न विचारताच मी वही मिटली.

त्याच दिवशी मी लिहून दिलं: 'हवेत गेलेल्या प्रत्येकाने सर्वप्रथम खालच्या जमिनीचे वर्णन केलेले आहे. या बाईंना एकही गोष्ट सांगता येत नाही. विधान विश्वसनीय वाटत नाही.' वच्छलाबाईंनी वर्गात जाऊन नजमाला समज दिली. दुसऱ्या दिवसापासून नजमा शाळेत आली नाही.

चौथ्या दिवशी फाटकावरचे शिपाई सांडू माझ्याकडं आले. शाळेत लागण्याआधी ते छावणीत चौकीदार होते. "सर, सायकलवाल्या इलियासची पोरगी दिसंना?"

मी सगळं सांगितलं. सांडूंनी कपाळावर हात मारला. "आवं, इलियासची आई गेली व्हती की! दोर मीच धरला व्हता."

"कसला दोर?"

"कनातीचा, कापडी आडोशाचा. शेवटच्या दिवशी जनाना फेरी ठेवली व्हती. कुण्या साहेबाच्या बेगमेची हौस. बाप्यांना मैदानाभायेर काढलं, झाडापासून विमानापस्तोर कनात लावली. काचांना बी आतून काळं फडकं. गोरा पुढं येगळा बसायचा, त्याला तेवढं दिसायचं. मी पाठ फिरवून दोर धरून उभा. इंजिनाचा आवाज झाला आन बेगम जी पळाली! तिच्या मागं साऱ्या बाया पळाल्या. एकटी हैदर टांगेवाल्याची बायको चढली. त्यानं आठ दिस पेट्रोलचे डबे वाहिले व्हते ना, म्हून तिला जागा."

"तुमची तर पाठ होती. तुम्हाला कसं कळलं?"

"चपला! साऱ्यांच्या गेल्या, एक जोड राहिला. पंख्याच्या वाऱ्यानं उडून माझ्या पायात आला."

तरी माझं मन मानेना. सांडू रोज सकाळी इलियासच्या दुकानात चहा प्यायचे, हे मी पाहिलं होतं. "हे तुम्हाला इलियासनं सांगायला लावलं असेल," मी म्हणालो.

सांडू दाराकडं वळले. "लई पुस्तकं वाचली सर तुम्ही," म्हणाले आणि घंटा द्यायला निघून गेले.

मी कपाटांच्या मधे बसून राहिलो. सांडूंना पढवलं असेल, तर मग म्हातारीला आधी पढवलं नसतं का? लबाड माणसानं मकबरा सांगितला असता. मकबरा, किल्ला, नदी, सगळी उत्तरं तर मीच तिच्यापुढं ठेवली होती. तिनं फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. ती नाही म्हणत राहिली. आणि ज्या बाईचा चेहराही मला दिसला नव्हता, तिला वरून काय दिसलं हे विचारताना मध्ये टांगलेला पडदा माझ्या डोक्यात आला नाही.

संध्याकाळी मी पुन्हा त्या खुर्चीवर बसलो. "काचांना फडकं होतं, हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू विचारलं कुठं?" जैतुनबी म्हणाल्या. "बायांची फेरी म्हनल्यावर पडदा असनारच. त्यात सांगायचं काय?"

"मी कागद बदलून देतो."

"कागद ठेव तुझ्याकडं. पोरगी जिथं खोटी ठरली, तिथं बोल. उद्या पाठवते तिला. नाय बोललास तर परवापासून पाठवनार नाय. दुकानावर बशील म्हनलंय तिला."

वच्छलाबाईंनी परवानगी दिली. 'मी स्वतः सांगते,' असं त्या म्हणाल्या, मला मोहही झाला, पण म्हातारीची अट तशी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात उभा राहिलो. चाळीस मुली. मी फरशीकडं बघून बोललो. कनात, काळं फडकं, पळालेल्या बायका, सगळं सांगितलं. मी नीट विचारलं नाही, नजमा खरं बोलत होती, हेही सांगितलं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला की नाही, मला शंका आहे.

पहिल्या बाकावर आशा नावाची मुलगी होती. "पण सर, काहीच दिसलं नाही तर वर जाऊन उपयोग काय?"

वर्ग पुन्हा हसला. याचं उत्तर माझ्या पुस्तकांत नव्हतं.

नजमा उठली. "फडकं तिनं लावलं होतं का? बाकीच्या पळाल्या. ती वर गेली."

आशा मागं वळली. "ए," तिनं विचारलं, "कान खरंच बंद होतात का गं?"

"दादीला विचारते," नजमा म्हणाली. "उद्या सांगते."