करंगळीने उघडणारा दरवाजा

सुताराने आयुष्यात दरवाजे पुष्कळ केले, पण मावशीला मुद्दाम बोलावून दाखवावा असा हा पहिलाच. जुन्या शिलाई कारखान्याचं आता संग्रहालय झालं होतं, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या आगीत जळालेला दरवाजा त्याने फोटोवरून हुबेहूब उभा केला होता. काजळीसुद्धा हाताने चोळलेली. मावशी तेव्हा त्याच दरवाज्याआडच्या खोलीत बटणं लावायची. खिडकीतून उडी मारली म्हणून वाचली. एक पाय मात्र कायमचा रुसला. अकरा जणी आतच राहिल्या.

मावशीने काठी सावरली आणि करंगळीने दरवाजा ढकलला. तो हूं की चूं न करता उघडला. सुतार मिशीत हसत कौतुकाची वाट पाहू लागला.

"छान उघडतो," मावशी म्हणाली. "मग आम्ही काय खुळ्या होतो, खिडकीतून उड्या टाकायला?"

"अगं, मालकाने बाहेरून कुलूप घातलं होतं, हे शेजारच्या पाटीवर लिहिलंय की."

"तू वाचलीस?"

सुताराने पाटीची फक्त लांबी-रुंदी मोजली होती. तो तडक संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंकडे गेला.

"दरवाजा बंद करायचा म्हणता? उद्या उद्घाटन आहे," बाई म्हणाल्या. "बाहेर जायची वाट तीच. अग्निशमनवाल्यांनी तो उघडतो म्हणूनच सही दिलीय. माणसं कोंडू का मी?"

बाईंचं काही चुकत नव्हतं, पंचाईत होती ती हीच. सुताराने डोकं खाजवलं, मग टेप काढली.

"समोरची प्लायची भिंत मीच घातलीय. ती कापतो. वाट तिकडून, एक हात जास्तच रुंद. त्यांना सकाळी परत मोजू द्या."

"आणि भिंत संध्याकाळपर्यंत झाली नाही तर?"

"तर दरवाज्याला हात लावणार नाही."

चारला भिंत कापून झाली. मग त्याने आपल्या हातच्या त्या देखण्या दरवाज्यात सहा लांब स्क्रू पिळले. प्रत्येक स्क्रूला त्याचं तोंड आणखी कडू होत गेलं. मावशी खुर्चीत बसून मोजत होती.

सकाळी अग्निशमनवाले नवी वाट मोजून, सही करून गेले. उद्घाटन झाल्यावर दुपारी एका गृहस्थाने दरवाजा हाताने ढकलला, मग खांद्याने. मागे आठ-दहा माणसं येऊन खेटली, तसे ते चपापून वळले.

"तिकडून जा," मावशी म्हणाली. "तुम्हाला वाट आहे."

माणसं तिकडे वळली. गृहस्थ मात्र जागचे हलले नाहीत. खिशातून चष्मा काढून ते पाटी वाचू लागले.