क्रांती सावेकर, माहिती जुळत नाही

शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनपुढे मान हलवत होते. डावीकडे, उजवीकडे, मग जरा वर. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही कळलं नाही. चौथ्यांदा व्हिडिओ पाठवला आणि चौथ्यांदा तेच उत्तर आलं: दिलेली माहिती ओळखपत्राशी जुळत नाही, खातं बंदच राहील. डोकं असं फिरलं की फोन आमटीत टाकावासा वाटला.

खातं उघडून जेमतेम दहा दिवस झाले होते, आणि उघडलं ते फक्त मोनासाठी. मोना माझी शाळेतली मैत्रीण, खो-खोच्या संघात माझ्या शेजारी बसणारी. लग्न होऊन ती रायपूरला गेली आणि एकतीस वर्षं आमची गाठ नाही. तिनं ओळखीची माणसं शोधायच्या एका साइटवर संघाचा जुना फोटो टाकून खाली लिहिलं होतं, ‘क्रांती सावेकर कुठं असते, कुणाला माहीत आहे का?’ शेजारची अनुजा फोटो दाखवत म्हणाली, काकू, ही तुमचीच शाळा ना? क्रांती सावेकर मीच, हे तिला तरी कुठं माहीत होतं. मी त्याच दिवशी क्रांती सावेकर नावानं खातं काढलं.

नऊ दिवस आम्ही नुसतं शाळेतलंच बोलत सुटलो. दहाव्या दिवशी मोनानं लिहिलं की शनिवारी पुतणीच्या लग्नाला कोल्हापुरात येतेय, एकच दिवस, कुठं भेटायचं? मी उत्तर लिहायला घेतलं आणि आधी ओळख पटवा म्हणत खातं बंद पडलं. तिचं माहेरचं घर केव्हाच विकलेलं, पुतणीकडची माणसं मला माहीत नाहीत. तिनं आधी नंबर मागितला होता, पण मी दिला नव्हता. मुलगी पुण्याहून रोज बजावते ना, आई, नंबर कुणाला द्यायचा नाही. मी शहाणी बाई. मैत्रिणीला नंबर नाकारला, आणि त्या साइटला नंबर, जन्मतारीख, आधारच्या दोन्ही बाजू, वर तोंडाच्याही सगळ्या बाजू देऊन बसले.

जुळणार कसं? आधारवर मी स्नेहल उदयसिंह इंगवले. आमच्यात लग्नात सुनेचं नाव बदलतात. आक्कांनी, म्हणजे थोरल्या नणंदेनं, नाव ठरवलं, ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ते लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. सगळ्यांचीच बदलायची. जन्मतारखेची तर आणखीच तऱ्हा. आई सांगायची, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झालीस. मी त्या सालची तारीख शोधून ती भरली होती. कागदोपत्री मात्र एक जून, कारण आमच्या गुरुजींनी अर्धा वर्ग एक जूनलाच जन्माला घातला होता.

मग मी कपाट उपसलं. शाळेचा दाखला सापडला, पण त्यावर फोटो नाही, म्हणून चालला नाही. शेवटी लग्नपत्रिका सापडली. ‘चि. सौ. कां. क्रांती’ आणि ‘चि. उदयसिंह’, दोन्ही नावं एका कागदावर, वर गणपती. ह्याहून मोठा पुरावा काय हवा? फोटो काढून पाठवला. हे कागदपत्र ग्राह्य नाही, असं दोन मिनिटांत कळवलं.

हट्ट सोडून मी आधारवरच्या नावानं नवीन खातं काढलं. ते लगेच उघडलं, वर अभिनंदनही केलं. मी मोनाला लिहिलं, मोने, मीच आहे. अर्ध्या तासानं तिचं उत्तर आलं.

‘तुम्ही कोण ते मला माहीत नाही. क्रांतीच्या नावानं कुणीतरी नऊ दिवस माझ्याशी बोललं आणि भेटायचं म्हटल्यावर गायब झालं. माझा मुलगा म्हणतो, पोलिसात द्या. मला फार वाईट वाटलं आहे.’

मी शाळेतल्या आठवणी लिहीत सुटले. ती म्हणाली, हे सगळं त्या नऊ दिवसांत आमचं बोलून झालंय, तुम्ही तेच वाचून सांगताय. आधार कार्ड पाठवा. मी पाठवलं. त्यावर तिनं एवढंच लिहिलं, ‘यात क्रांती कुठे आहे?’ लग्नपत्रिका पाठवली, तर म्हणाली, पत्रिका काय कुणाच्याही हाती लागते.

मी रडले. आत-बाहेर फेऱ्या घालत राहिले. मोना उद्या माझ्याच गावात येणार आणि मला चोर समजून परत जाणार, हे काही केल्या सोसेना.

एक वाजता हे राजारामपुरीतल्या दुकानातून जेवायला आले. मी ताट वाढता वाढता सगळं सांगितलं. नाव तेवढं सांगितलं नाही. ते सांगावं लागेल असं डोक्यातच आलं नाही.

“एवढंच न्हवं?” हे म्हणाले. “आण फोन. मी सांगतो की.”

आमच्या मंगळवार पेठेत ह्यांच्या शब्दाला वजन आहे. आवाज पाठवायचं बटण दाबून धरून ह्यांनी घसा साफ केला.

“नमस्कार ताई. मी उदयसिंह इंगवले बोलतोय. ही माझी मिसेस हाय, हितं फसवाफसवीचा विषय न्हाय. ही तुमची मैत्रीणच हाय, ही...” ते थांबले. माझ्याकडे बघितलं. “काय गं, पयलं नाव काय हुतं तुझं?”

त्यांचा अंगठा सुटला आणि तेवढं सगळं मोनाला गेलं.

ते काही वाईट माणूस नाहीत. पण त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा एकतीस वर्षांत आला नव्हता. साइटला मी माहीत नाही, ठीक आहे. हे तर लग्नपत्रिकेत माझ्या शेजारी छापलेले. ते पुटपुटले की त्या नावानं हाक मारणारं आता कोण हाय, कसं ध्यानात ऱ्हाणार. मी फोनकडे बघत उभी राहिले. मोनानं ऐकल्याची खूण आली.

शेवटी तिचं उत्तर आलं. ‘असला नवरा खोटा कोण तयार करंल? क्रांते, नंबर दे आधी.’

मी नंबर दिला. ती लगेच फोनवर आली आणि आम्ही दोघी एकदमच बोलायला लागलो. उद्या बाराला लग्नाच्या हॉलवर ये म्हणाली. मग तिनं विचारलं, मालकांस्नी नाव सांगितलंस का?

हे ताटावरून मान वर करून माझ्याकडे बघत होते.

“न्हाय सांगितलं,” मी म्हणाले. “बसू देत आठवत.”