साती आसरांना नवी जागा

एकाहत्तर साली मुळा धरणाचं पाणी गावात शिरायच्या आधी लंकाबाईनं नदीकाठचे सात शेंदरी दगड पोत्यात भरले. त्या साती आसरा. दोन लेकरं दगावल्यावर तिनं त्यांनाच नवस बोलला होता आणि तिसरी पोर, पुष्पा, जगली होती.

नवी वस्ती माळावर होती. लंकाबाईनं दगड देव्हाऱ्यात मांडले, तशी सासू, साळूबाई, ओरडली, "आसरा घरात ठेवत्यात व्हय? पाण्याच्या बाया त्या!"

मग तिनं ते लिंबाखाली ठेवले. तिथं शेळ्या निवद खाऊन जायच्या. शेवटी नव्या विहिरीपाशी नेले. तिथं सुरुंग लावायचे होते, म्हणून नवरा सहादेव ते परत घेऊन आला.

लंकाबाईला चैन पडेना. भाकऱ्या थापता थापता ती उठायची, बाहेर जाऊन दगड बघून यायची. त्यात पुष्पाला ताप भरला. सहादेवनं पोरीला दवाखान्यात नेऊन सुई टोचवली. दोन दिवसांत ताप उतरला, पण लंकाबाईच्या मनातला घोर उतरला नाही.

"मी त्यास्नी पाण्यावर सोडून येते," ती म्हणाली आणि एकटीच एस.टी.त बसली.

गावाच्या जागी नुसतं पाणी होतं. तिनं काठावर दगड मांडले, हळदकुंकू वाहिलं. गवत कापणारी एक बाई म्हणाली, "काल पानी त्या बाभळीपशी हुतं. उद्या ह्ये बी बुडंल."

लंकाबाईनं दगड तिथंच राहू दिले, त्यांना हात जोडले. मग रिकामं पोतं घेऊन घरी आली आणि सासूसमोर ढसाढसा रडली.

साळूबाईनं तिला जवळ घेतलं. मग म्हणाली, "माज्या लग्नाच्या साली पुरात जुन्या वाहून गेल्या. ह्या म्याच नदीतून येचल्या हुत्या. कुनाला बोलले न्हाई."

विहिरीवरचे सुरुंग एव्हाना उडवून झाले होते; दुसऱ्या दिवशी दोघींनी विहिरीतून काढलेल्या मुरमातून सात दगड निवडले आणि तिथंच काठाला मांडले. त्यांना शेंदूर लावता लावता लंकाबाईनं विचारलं, "ह्या वळखतील का मला?"

"रोज येत जा. वळखतील."

पहिले आठ दिवस तिला ते नुसते दगडच वाटले. नवव्या दिवशी कडेचा एक कलंडलेला दिसला. ती लगबगीनं खाली बसली, त्याला सरळ केलं आणि विचारलं, "बाई, लागलं का गं?"