बाहुल्या बघायला आलेली बाई

म्हैसूरचा दसरा बघायला निघाले आहे, असं माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, सागर गावी आपल्या घरी सांगितलं होतं. सागरची गाडी सकाळी पोचली तेव्हा स्टेशनात दसऱ्यासाठी उतरलेल्यांची इतकी दाटी होती की तिचं खोटं त्यात सहज खपून गेलं. भावोजींनी ते खरं मानलं की मानल्यासारखं केलं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

राजवाड्याजवळ रिक्षा थांबवली गेली. हत्तींना तालमीला काढलं होतं. पुढच्या हत्तीच्या पाठीवर वाळूची पोती लादलेली होती. मिरवणुकीच्या दिवशी सोन्याच्या अंबारीचं वजन जड वाटू नये, म्हणून ही सवय. लोक खांद्यावर पोरं घेऊन बघत होते.

"किती वेळ अडवणार हे?" अक्काने विचारलं.

"अम्मा, हत्ती म्हणजे काय सायकल आहे, चटकन वळायला?" रिक्षावाला म्हणाला. "लोक पैसे खर्चून बघायला येतात. तुम्ही फुकटात बघताय."

अक्काने हत्तींकडे पाहिलं नाही. ती पिशवीचे बंद हाताला गुंडाळत आणि सोडत राहिली.

माझ्या घरी कॉफी पिऊन झाल्यावर तिने बेत सांगितला. चामराजपुरम भागात सुमेधाच्या सासूकडे, विशालाक्षम्माकडे जायचं आणि नातीला, धात्रीला बघायचं.

सुमेधा तिची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी दुपारी जेवून उठली, दम लागतो म्हणाली, आणि दिवेलागणीच्या आत गेली. धात्री तेव्हा दोन वर्षांची होती. अक्काने पोलिसांत तक्रार दिली की पोरीला जेवणातून विष घातलं. मी निवृत्त होईपर्यंत अन्नातली विषं तपासण्याचंच काम करत होतो, म्हणून दोन्ही बाजूंनी माझ्याकडे पाहिलं. शवविच्छेदनाचा अहवाल मी वाचला, व्हिसेऱ्याच्या रासायनिक तपासणीचाही वाचला. पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली होती. विष कुठेही नव्हतं. अशा गुठळीला तरुण बाईचं वय, स्वभाव किंवा सासर यांच्याशी काही देणंघेणं नसतं. तक्रार निकालात निघाली आणि त्या घराचं दार अक्काला बंद झालं. फोन उचलले गेले नाहीत, वाढदिवसाला पाठवलेली पार्सलं परत आली.

"दार उघडतील?" मी विचारलं.

"नवरात्र आहे, पट्टू. घरोघर बाहुल्या मांडल्यात. त्या बघायला आलेल्या सवाष्णीला कुणी उंबऱ्यावरून परत लावत नाही. विशालाक्षम्मा बाकी कशातही चुकेल, यात नाही चुकायची."

"रूढी म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे. मोडायची ठरवली तर मोडता येते."

"येते की. पण सगळ्या गल्लीसमोर मोडावी लागते," अक्का म्हणाली.



ऊन उतरल्यावर आम्ही गेलो. दारात रांगोळी होती, दार सताड उघडं होतं आणि आतून बायकांचं हसणं येत होतं. पुढे आली ती रोहिणी, सुमेधाचा नवरा प्रह्लाद याची दुसरी बायको. तिने अक्काला कधी पाहिलेलं नव्हतं.

"बाहुल्या बघायला ना? या अम्मा, या. काका, तुम्ही खुर्चीवर बसा. खाली बसाल तर उठवायला माणसं बोलवावी लागतील."

विशालाक्षम्मा उसळीचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि थबकली. मात्र तोवर रोहिणीने सतरंजीवर जागा करून दिली होती, अक्का बसली होती, आणि शेजारच्या बाईने तिला "कुठून आलात?" असं विचारूनही टाकलं होतं.

"सागरहून. दसरा बघायला."

"मग राजवाडा सोडून इथे?"

"तिथला राजा लांबून दिसतो. इथे बसल्या जागी दिसतो."

बायका हसल्या. विशालाक्षम्माने पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "बसा." बसलेल्या बाईला उद्देशून तिला दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

समोर पांढऱ्या कापडाने झाकलेल्या नऊ पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर कलशाशेजारी लाकडी राजाराणी. आमच्याकडे ही जोडी मुलीला लग्नात आईवडील देतात आणि नवरात्रात ती सगळ्यांत आधी बसवतात. इथे जोड्या दोन होत्या. वरची रोहिणीची. एक पायरी खाली होती ती रक्तचंदनाची, सुमेधाची. अक्काने स्वतः निवडून घेतलेली. राणीला कोणीतरी नवं रेशीम नेसवलं होतं. अक्का त्या रेशमाकडे बराच वेळ बघत होती. त्यांनी जोडी टाकून दिली असती तर तिला सोपं गेलं असतं, असा माझा अंदाज आहे.

"यंदा राण्या दोन?" अक्काशेजारी बसलेली बाई म्हणाली. "राज्य वाढलं वाटतं, विशालाक्षम्मा!"

कोणीच हसलं नाही, तेव्हा ती बाई चाचरली आणि उसळ छान झाल्याचं सांगू लागली.

धात्री घरात नव्हती. गल्लीतल्या पोरांबरोबर ती घरोघर "बाहुल्या मांडल्यात का?" असं विचारत खाऊ गोळा करत फिरत होती. हे रोहिणीने सहज सांगितलं, आणि सासूने तिच्याकडे असं पाहिलं की ती गोंधळून आत गेली.

लगोलग विशालाक्षम्मा तांबुलाचं ताट घेऊन आली. विड्याची पानं, सुपारी, नारळ, खणाचं कापड. तिने अक्काला हळदकुंकू लावलं आणि ताट पुढे केलं. अजून कॉफीसुद्धा आलेली नव्हती. तांबूल हातात पडलं की भेट संपते. घेणारीने उठायचं असतं. आमच्या बायकांत याला शब्द लागत नाहीत.

"राहू दे," अक्का म्हणाली. "तांबूल मागाहून घेते."

"मागाहून कशाला? अंधार पडेल. दसऱ्यात रिक्षा मिळत नाहीत."

"पडू दे. माझ्या बाहुल्या बघून व्हायच्यात."

ताट परत गेलं. थोड्या वेळाने ते पुन्हा आलं, पुन्हा परत गेलं. इतर बायका येत होत्या, उसळ खाऊन, तांबूल घेऊन जात होत्या. अक्का मात्र मांडी न मोडता बसून राहिली. देणारीला बळजबरी करता येईना आणि न घेणारीला उठवता येईना. दोघी नियमाच्या आत राहूनच भांडत होत्या, त्यामुळे मध्यस्थीला जागाच नव्हती.

विशालाक्षम्माने मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं.

"पट्टाभिराव, तुम्ही शिकलेले. विष नव्हतं, हे पोलिसांना तुम्हीच सांगितलंत ना?"

"अहवालात होतं ते सांगितलं."

"मग बहिणीला सांगायला जीभ झडली होती?"

"तिलाही सांगितलं. तिला पटलं नाही."

"नाही पटलं! माझ्या प्रह्लादची बायको मेलेली, पोर कडेवर रडतंय, आणि त्याला चौकीत दुपारभर उभा केला. 'जेवण कोणी वाढलं' म्हणून मला विचारलं. मी वाढलं! रोज मीच वाढत होते." तिचा आवाज चिरका झाला, मग तिने तो आवरला. "धात्रीला आम्ही सांगितलंय, अम्मा आजारी पडून गेली. उद्या ह्या बाईने मांडीवर घेऊन तिला सांगितलं, तुझ्या अज्जीने विष घातलं, तर? सहा वर्षांच्या पोरीला मी तुमचा अहवाल वाचून दाखवू?"

"ती तसं बोलणार नाही," मी म्हणालो. या विधानाला माझ्याजवळ कोणताही पुरावा नव्हता. विशालाक्षम्मालाही ते कळलं असावं.

तेवढ्यात धात्री आली. हातातली पिशवी फुगलेली, तोंडाला मैसूरपाक लागलेला.

"अज्जी, त्या कोपऱ्यावरच्या घरात नुसते शेंगदाणे दिले! एवढेसे! आणि वर गाणं म्हणायला लावलं."

"मग म्हटलंस?" रोहिणीने विचारलं.

"अर्धंच म्हटलं. शेंगदाण्यांना अर्धंच."

बायका खो खो हसल्या. तिच्या कपाळावर मधोमध केसांचं एक टोक उतरलेलं होतं. ते आमच्या आईचं. अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहतात, कोणी कोणाशी बोलो न बोलो. अक्काने ते पाहिलं, हे मला तिच्या श्वासावरून कळलं.

धात्रीला पाहुण्यांना बाहुल्या दाखवायची सवय होती. ती अक्कापुढे येऊन उभी राहिली आणि बोट दाखवून सांगू लागली. "वरची राजाराणी माझ्या अम्माची. खालची फोटोतल्या अम्माची. त्या राणीला मी साडी नेसवली. लग्नात आईबाबा देतात ही. मलापण मिळणार."

"फोटोतल्या अम्माला कोणी दिली?" अक्काने विचारलं.

"तिच्या आईबाबांनी."

"कुठे असतात ते?"

"लांब," धात्री म्हणाली. "ते येत नाहीत."

अक्काचे ओठ हलले. काय म्हणणार होती, हे तिने मला नंतरही सांगितलं नाही. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो, तेवढं आठवतं.

"धात्री," मागून विशालाक्षम्मा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "इकडे ये. तू दे अज्जींना तांबूल. दोन्ही हातांनी धर. आणि नमस्कार कर."

पोरीने ताट घेतलं, जपून चालत आली, आणि शिकवल्याप्रमाणे वाकून ते पुढे केलं. नवरात्रात कुमारिकेच्या हातचं नाकारत नाहीत. अक्काने हात मांडीवरच ठेवले. ती ताटाकडे बघत नव्हती, ताटाच्या वरच्या चेहऱ्याकडे बघत होती. नारळाच्या भाराने धात्रीचे दंड थरथरू लागले.

"घ्या ना, अज्जी," ती म्हणाली. "जड आहे."

अक्काने पदर पसरला.

धात्रीने पायांवर डोकं टेकलं. अक्काने तिच्या केसांवर हात ठेवला, आणि कोणीही पाहुणी ठेवील तेवढ्याच वेळात उचलला. "मोठी हो," एवढंच म्हणाली. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली.

"पुढच्या वर्षीपण या हं बाहुल्या बघायला," धात्री म्हणाली. हे ती प्रत्येकीला म्हणत होती.

विशालाक्षम्मा आमच्याबरोबर फाटकापर्यंत आली. गल्लीत पोरं आरडत होती. तिने फाटकाची कडी हातात धरून ठेवली.

"पुढच्या वर्षी बाहुल्या बेंगळुरूला मांडू," ती म्हणाली. "प्रह्लादने तिथे फ्लॅट घेतलाय. उन्हाळ्यात सगळे जातोय. सोळावा मजला."

"तिथेही मांडणार ना?" अक्काने विचारलं.

"मांडणार. पण खाली मोठं फाटक आहे. रखवालदार नाव विचारतो, मग वर फोन करतो. वरून हो म्हटलं तरच सोडतो."

"सणालासुद्धा?"

"त्याला काय सण. तो बिहारचा आहे."

तिने हे आनंदाने सांगितलं नाही. ती थकलेली दिसत होती. अक्काने मान हलवली, पदरातली पानं सारखी केली, म्हणजे रस्त्यात पडणार नाहीत, आणि चालू लागली. मागे फाटकाची कडी लगेच लागली नाही. आम्ही वळणावर पोचेपर्यंत विशालाक्षम्मा तिथेच उभी होती, बहुधा आम्ही खरोखर गेल्याची खात्री करून घेण्यासाठी.