बिननावाचं वाय-फाय

जनीनने राउटरची वायर उपसली, मनात तीसपर्यंत आकडे मोजले आणि परत खोचली. हिरवा दिवा लागला, मिचमिचला, स्थिर झाला. तिने हातातल्या रेक्समामाच्या फोनकडे पाहिलं. पडद्यावरचं चक्र फिरतच होतं.

"माझ्यासारखाच आहे तो," अंगणातल्या ब्लँकेटवरून रेक्समामा म्हणाला. "गोल गोल फिरतो, पोचत कुठेच नाही."

"तू निदान जेवायच्या वेळेला पोचतोस," नोरीनमावशी म्हणाली. दोघीतिघी हसल्या. हसू आलं तसं विझलं.

राउटर व्हरांड्यात एका उलट्या क्रेटवर ठेवलेला होता. मरण झालेलं घर पाल्याच्या धुराने शुद्ध केल्याशिवाय आत कुणी पाऊल टाकणार नव्हतं, म्हणून मर्टलने तो वायरसकट खिडकीतून बाहेर ओढून घेतला होता. मर्टल ही आईची पाठची बहीण. आईची सख्खी बहीण म्हणजे आईच. जनीन तिला धाकटी आई म्हणे. थोरलीला, जनीनच्या आईला, जाऊन नऊ दिवस झाले होते. सगळं गोत अंगणात लाल मातीवर बसलं होतं, बायका घराच्या बाजूला, पुरुष झाडाच्या पलीकडे. बायकांनी केस कापून टाकले होते, कपाळाला पांढरी माती लावली होती. जनीनचे केस अजून पाठीवर होते.

ती सकाळीच डार्विनहून आली होती. आल्या माणसाने आधी प्रत्येकाजवळ जाऊन बसायचं, गळ्यात गळा घालून रडायचं आणि मगच पाणी प्यायचं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण ती गाडीतून उतरते न उतरते तोच मर्टल म्हणाली, "फोन बंद पडलेत गं सगळ्यांचे. तुझं कामच आहे ते. बघ जरा." आणि जनीन सुटल्यासारखी थेट व्हरांड्यात गेली. अकरा वर्षं मोबाइलच्या दुकानात काढलेल्या माणसाला फोनकडे बघणं सोपं होतं.

घाई होतीच. तीन वाजता घराला धूर द्यायचा होता. थोरला भाऊ क्लिफर्ड त्या वेळी अॅडलेडमध्ये डायलिसिसच्या खुर्चीत असणार होता. आठवड्यातले तीन दिवस मशीन त्याला सोडत नसे आणि उरलेल्या चार दिवसांत इतक्या लांबचा प्रवास डॉक्टर करू देत नसत. आईच्या घरातून निघणारा धूर त्याला निदान फोनवर दिसायला हवा होता. या आडबाजूच्या आदिवासी वस्तीत मोबाइलचा टॉवर नव्हता. जे काही यायचं-जायचं ते छपरावरच्या सॅटेलाइटच्या थाळीतून, या डबीतून.

तिने आपल्या फोनवर यादी उघडली. आसपास एकच वाय-फाय दिसत होतं आणि त्याला नाव म्हणून आकड्या-अक्षरांची एक लांबलचक माळ होती. कारखान्यातून येते तशी.

"हे रिसेट कुणी केलं?" तिने विचारलं. "मागच्या भोकात काहीतरी घालून दाबलंय. म्हणून तुमचे फोन याला ओळखत नाहीत."

नोरीनमावशी काडीने मातीत रेघा ओढू लागली. रेक्समामाने आभाळाकडे पाहिलं.

"झालं ते झालं," मर्टल म्हणाली. "तू एकेकाचा जोडून दे."

तेरा फोन होते. दुकानात नव्या पोरींना जनीन पहिल्याच दिवशी शिकवत असे, की दहा फोनांना हात लावत बसू नका, डबीला हात लावा. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड टाकला की सगळे आपोआप जोडले जातात.

"सगळ्यांनी वाय-फायचं पान उघडून ठेवा," ती म्हणाली आणि सेटिंग उघडून नावाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी तिनेच ही डबी बसवली होती. नाव काय देऊ म्हणून विचारल्यावर आई म्हणाली होती, "घर माझं, थाळी माझी, मग नाव काय रेक्सचं टाकणार?"

नऊ दिवसांत ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. आईला आता सगळे कुमन्जाई म्हणत. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या जागी हाच शब्द घ्यायचा. त्याच नावाची एक भाची होती, तिलाही त्या दिवसापासून कुमन्जाईच म्हणत होते. डार्विनमध्ये एकटी असतानासुद्धा जनीनच्या ओठांवर ते आलं नव्हतं. पण हे बोलणं नव्हतं, हे काम होतं. सात अक्षरं बोटांनी भरभर टाकली, खाली जुना पासवर्ड. तिने बटण दाबलं.

अर्धं मिनिट काही झालं नाही. मग रेक्समामाचा फोन वाजला. मग दुसरा, तिसरा. अडकून पडलेले निरोप एकदम सुटले आणि सगळं अंगण किलबिलू लागलं. जनीन हसून वळली.

कुणी निरोप वाचत नव्हतं. सगळे उघड्या पानाकडे बघत होते. प्रत्येकाच्या हातात ते नाव होतं.

नोरीनमावशीने फोन मातीत पालथा टाकला आणि गळा काढला. पहिल्या दिवशीचा असावा तसा तो आवाज होता. एकीकडून दुसरीकडे सरकत तो सगळ्या ब्लँकेटांवर पसरला. झाडापलीकडचे पुरुष उठले आणि पाठ करून उभे राहिले.

जनीनने वायर हिसकून काढली.

मर्टल पायऱ्या चढून वर आली.

"दुकानात असंच करतो आम्ही," जनीन म्हणाली. "मला वाटलं, टाइप केलं तर..."

"ठाऊक आहे. पहिले चारपाच दिवस हेच चाललं होतं. जो येईल त्याची गाडी फाटकात शिरते न शिरते तोच खिशातल्या फोनवर ते उगवायचं. मग मीच सुई घातली भोकात."

"मघाशी सांगायचं होतंस ना."

"कसं सांगू? नाव घेऊन?"

मर्टलने पोलक्याला टोचलेली सुई काढून तिच्या हातात दिली. जनीनने वायर परत खोचली आणि सुई भोकात दाबून धरली. दिवा विझला, लागला.

"आता नवं काय ठेवू?"

"काही नको. डबीचं आहे ते राहू दे. आणि आता खाली उतर."

नोरीनमावशीने आधी फोन दिलाच नाही. जनीनची मान धरून आपल्या खांद्यावर ओढली आणि दोघी कितीतरी वेळ झुलत राहिल्या. मग डबीखालच्या चिकटपट्टीवरची सोळा अक्षरं जनीनने तिच्या फोनमध्ये घातली. पुढचीने फोनबरोबर हातही दिला आणि सोडला नाही. डेझमंड नात्याने जनीनचा जावई लागत होता, आणि जावयाने सासूच्या समोर यायचं नसतं. त्याने समोर न येता फोन बायकोच्या हाती पाठवला आणि तिच्याजवळ निरोप दिला, की तिला सांग, मीही रडतोय. पाचव्या फोनापासून अक्षरं पाठ झाली.

रेक्समामा म्हणाला, "दर नाताळाला तुझ्यासाठी कांगारूची शेपटी ठेवायची ती फ्रीजरमध्ये. दोन वर्षं ठेवली."

"मग काय झालं तिचं?"

"मी खाल्ली. चांगली होती." एवढं बोलून त्याने तोंड तळव्यात झाकलं.

पावणेतीन वाजले. दारापाशी हिरव्या फांद्यांचा ढीग रचून झाला होता. बारा फोन जोडले गेले होते. तोंड सुजलेलं, गुडघे मातीने लाल, अशी जनीन मर्टलसमोर येऊन बसली.

"तुझा दे, धाकटी आई."

मर्टलने जरा थांबून खिशातून फोन काढला. तो आधीपासून जोडलेलाच होता. पडद्यावर उशीला टेकलेला क्लिफर्ड होता.

"झालं का गं?" तो म्हणाला. "कधीचा वाट बघतोय. त्यात दोनदा कट केलंस मला. दुकानात गिऱ्हाईक कसं टिकतं तुझ्या?"

जनीनने मर्टलकडे पाहिलं. मर्टल काडी पेटवणाऱ्या माणसांकडे बघत होती.

"सगळ्यांजवळ बसलीस ना?" क्लिफर्डने विचारलं.

"बसले."

"नक्की?"

"तू राहिलास," जनीन म्हणाली. तिने फोन दोन्ही हातांत धरला आणि कपाळ काचेवर टेकलं. त्याला तिकडे नुसता अंधार दिसत असेल. त्याने फोन सरळ धर म्हटलं नाही. मशीनची घरघर तेवढी येत राहिली आणि पाठीमागे ओली पानं तडतडू लागली.