शेंदराखालचा नंबर

मित्रांनो, मला खांद्याला लावणारा माणूस जगात एकच होता, आणि तो आता नाही. मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या कोंडूची. कोंडू डावखुरा होता, म्हणून मुरबाडच्या भगीरथ कारागिराने माझा शिसवी दस्ता डाव्या खांद्याच्या मापाने घडवला. भाताची रानडुकरांपासून राखण करायची, एवढ्यासाठीच माझा परवाना होता.

भगीरथने नळीला डब्यातला रंग लावला नाही. त्याने ती आधी गंजू दिली. मग उकळत्या पाण्यात बुडवली, तारेच्या ब्रशने घासली आणि पुन्हा गंजू दिली. असे आठ दिवस चालले. शेवटी तांबडा गंज काळा होऊन नळीला धरून बसला. दस्त्यावर त्याने जवसाचे तेल तळहात तापेपर्यंत चोळले, रोज एक हात. वर पितळी तारेची भाताची लोंबी बसवली.

"ही लोंबी कशाला रं?" कोंडूने विचारले.

"डुकराला कळाया, भात कुनाचा हाय ते," भगीरथ म्हणाला. मग नळीवर बोट ठेवून त्याने सांगितले, "हा काळा रंग म्हंजे मेलेला गंज. वर ओल राह्यली का जिता होतो."

कोंडूने ते ध्यानात ठेवले. तो हवेत बार काढी, डुकरे ओहळापार पळत. घरी आल्यावर तो आधी मला कढत पाण्याने धुई, कोरडी करी, तेल लावी आणि मगच जेवायला बसे. त्याची बायको सकुबाई ताट वाढून वाट बघत राही.

"माज्या डोईला येवढं तेल कदी लावलं नाय," ती म्हणे. "हिच्याशीच लगीन लावायचं व्हतं."

"ही उलटून बोलत नाय गो," कोंडू म्हणे.

अशी पंचवीस वर्षे गेली. मग कोंडू तापाने गेला.

त्यांचा मुलगा अनिल आसनगावहून रोज लोकलने कामाला जाई. परवाना नावावर करून घ्यायचे त्याच्याकडून राहून गेले. मी खुंटीवर टांगलेली राहिले. चुलीचा धूर येई, माणसांचे बोलणे कानावर येई, पण मला कोणी हात लावीना. दसऱ्याला सकुबाईने मला खाली घेतले आणि तेलात कालवलेला शेंदूर नळीवर माखला. मला फार बरे वाटले. पण आमच्या पाड्यावर शेंदूर लागला की वस्तूचा देव होतो, आणि देवाला कोणी खरवडत नाही. पुढच्या दसऱ्याला दुसरा थर बसला, मग तिसरा, मग चौथा. पावसाळ्याची ओल शेंदराखाली शिरली ती बाहेर आलीच नाही. माझ्या अंगात गंज जागा होत होता. वरून मी लालभडक दिसत होते. सकुबाई रोज हात जोडून पुढे जाई.

एके दिवशी परवान्याच्या कचेरीतून अनिलला बोलावणे आले. बंदूक आणून दाखवा, नळीवरचा नंबर कागदाशी जुळला तर परवाना नावावर होईल, नाहीतर बंदूक जमा करावी लागेल.

"आये, शेंदूर काढाया लागंल. नंबर दिसाया पायजे," अनिल म्हणाला.

"देवाला पत्र्यानं खरवडशील?"

"देव नाय ती. बाबाची बंदूक हाय."

"तुज्या बाबाचं दुसरं काय ऱ्हायलंय घरात?"

अनिल कामाला निघून गेला. दोन दिवस मी तशीच खुंटीवर राहिले. तिसऱ्या दिवशी सकुबाईने स्वतःच तेल कोमट केले, चिंधी भिजवली आणि मला मांडीवर घेऊन थरामागून थर पुसायला बसली. पुसताना ती पुटपुटत माफी मागत होती, देवाची की कोंडूची, ते मला कळले नाही.

"दिसतोय का रं?" तिने विचारले.

"चार आकडे दिसतात. पाच पायजेत."

पाचव्या जागी गंजाने खड्डा पाडला होता. सकुबाईने त्यात बोट घालून पाहिले. "हे म्या केलं," ती म्हणाली.

कचेरीतल्या साहेबांनी भिंग लावून दोनदा पाहिले. "चार जुळतात, आजी," ते हळू आवाजात म्हणाले. "न दिसणारा आकडा मी कसा लिहू?"

मित्रांनो, तेव्हापासून मी पोलीस ठाण्यातल्या एका खोलीत जमा आहे. गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे. शेजारी दुसऱ्या बंदुका आहेत, पण त्यांची माणसे कोण, मला ठाऊक नाही. गेल्या दसऱ्याला सकुबाई एसटीने आली. खिडकीबाहेरून तिने रितेश नावाच्या शिपायाला औषधाची बाटली दिली. तीत जवसाचे तेल होते.

"पूजा नको रं पोरा. निसती पुसून ठेव."

"पुसतो, आजी," तो म्हणाला, आणि त्याच्या मनातही तसेच होते. पण त्याच आठवड्यात त्याची बदली झाली.

तुमच्या घरात कोणाच्या हातची एखादी वस्तू उरली असेल, तर तिला नमस्कार करून पुढे जाऊ नका. ती खाली घ्या, उलटी करून बघा, तिची खालची बाजू कोरडी करा. चांगले तेल बाटलीत असून भागत नाही. माझे तेल खिडकीच्या फळीवर आहे, हाताच्या अंतरावर. मला हात नाहीत.